आधी पापुद्रा, मग व्याख्या

‘मॅडम, नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो. नोकरीचं दुसरं वर्ष आहे. दिवाळीनंतर आठवीला पेशींचा धडा घ्यायचाय. सातवीत मुलांचं पेशीरचनेचं प्रकरण झालंय, पण विचारलं की ‘पेशी हा सजीवांचा रचनात्मक व कार्यात्मक घटक आहे’ एवढं एका सुरात म्हणतात आणि गप्प बसतात. वर्गात ४१ मुलं, शाळेत एकच सूक्ष्मदर्शक, तोही आरशाचा. हाताशी साधारण १४ तास आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, अंगकांचं (पेशीतले भाग आणि त्यांची कामं यांचं) कोष्टक पाठ करून घ्या, परीक्षेत तेच येतं. गेल्या वर्षी मी पेशीचं थर्मोकोलचं मॉडेल करायला दिलं, तर निम्मी मॉडेलं दुकानातून विकत आणलेली निघाली. या १४ तासांचं नियोजन कसं करू? सुरुवात कुठून करू? आणि मुलांना गालाच्या पेशी काढायला लावाव्यात की नाही?’
— एक विज्ञान शिक्षक

सर,

‘एका सुरात म्हणतात आणि गप्प बसतात’ हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण तुमचं नियोजन तिथूनच सुरू होतं. मुलं कच्ची नाहीत. त्यांच्याकडे वाक्य आहे, पण ते वाक्य ज्याच्याबद्दल आहे ती वस्तू त्यांनी बघितलेलीच नाही. सातवीत हेच झालं, आणि आठवीत तुम्ही पुन्हा व्याख्येपासून निघालात तर आणखी लांब वाक्यं पाठ होतील, एवढाच फरक. म्हणून माझा सल्ला थोडक्यात असा: पहिले दहा तास पेशी बघण्यात, मोजण्यात आणि तिला काहीतरी करून बघण्यात घालवा. अंगकांचं कोष्टक अकराव्या तासाच्या आत फळ्यावर येऊ देऊ नका.

मुख्याध्यापकांचं काय, ते पुढे सांगते.

आधी शेवट ठरवा. चौदाव्या तासाला मुलाला काय जमायला हवं, ते तीन-चार ओळींत लिहून काढा. मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं: न पाहिलेली काचपट्टी दिली तर पेशी वनस्पतीची की प्राण्याची हे कारण देऊन सांगता यावं. पेशीची लांबी अंदाजाने मिलिमीटरमध्ये काढता यावी. सुकलेली मेथीची जुडी पाणी शिंपडल्यावर ताठ का होते, हे पेशीच्या भाषेत सांगता यावं. आणि एखाद्या पेशीचं काम सांगितलं तर तिच्यात कोणतं अंगक जास्त लागेल याचा तर्क करता यावा. या चार गोष्टींना जे उपयोगी पडत नाही त्याला वेळ कमी द्या. रॉबर्ट हूक, श्लायडेन, श्वान, विरशॉ या पेशींच्या अभ्यासकांना मिळून अर्धा तास पुरे. मात्र त्या अर्ध्या तासात तारखा नीट मांडा. हूकने बुचाचा काप बघून ‘सेल’ हा शब्द वापरला १६६५ मध्ये. सगळ्या वनस्पती आणि सगळे प्राणी पेशींचे बनलेले आहेत, हे श्लायडेन आणि श्वान यांनी मांडलं १८३८-३९ मध्ये. मधे पावणेदोनशे वर्षं गेली. बघणं आणि कळणं यांत एवढं अंतर पडू शकतं, हे मुलांना ऐकायला आवडतं. त्यातल्या त्यात मागे पडणाऱ्या मुलांना तर फारच.

पहिला तास. तुम्ही यवतमाळात आहात आणि दिवाळीनंतर शिकवणार आहात, म्हणजे कापसाची वेचणी चालू असेल. वर्गात फुटलेली बोंडं आणा. कापसाचा एकेक तंतू ही एकच पेशी असते. सरकीच्या सालीवरची एक पेशी बाहेरच्या बाजूला वाढत जाते आणि अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते. मुलांना आधी विचारा, ‘पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसते का?’ सगळे ‘नाही’ म्हणतील, कारण तेही पाठ आहे. मग प्रत्येकाला एक सरकी द्या आणि तिच्यावरचा कापूस बोटांनी चारी बाजूंना विंचरून पसरायला सांगा. एक तंतू सोडवून काळ्या कागदावर ठेवायचा आणि फूटपट्टीने मोजायचा. आकडे फळ्यावर लिहा. ज्यांच्या घरी कापूस आहे त्यांना धाग्याच्या लांबीवरून भाव ठरतो हे ठाऊक असतं, ती मुलं लगेच बोलायला लागतात. अंगातल्या सुती शर्टाचा प्रत्येक धागा अशा कितीतरी पेशी पिळून केलेला आहे, हे सांगितलं की मुलं शर्टाकडे बघतात.

इथे एक काळजी घ्या. बोंड फुटेपर्यंत तो तंतू वाळून मेलेला असतो, उरते ती फक्त पेशीभित्तिका. हे लपवू नका, उलट फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: ‘ही पेशी मेलेली आहे.’ हूकच्या बुचातही मेलेल्या पेशींच्या भिंतीच होत्या. मग जिवंत पेशीत आणखी काय असतं? हा प्रश्न तसाच लोंबकळत ठेवून तास संपवा.

जाता जाता: संत्र्याच्या फोडीतला एकेक रसाळ दाणा म्हणजे एक पेशी, असं आपल्याकडे पुष्कळ वर्गांत सांगितलं जातं. ते खरं नाही. तो दाणा पुष्कळ पेशींचा असतो. विदर्भात संत्रं हाताशी असतं म्हणून मोह होतो, तो आवरा.

दुसरा, तिसरा आणि चौथा तास कांद्याचा. एका सूक्ष्मदर्शकापुढे ४१ मुलांची रांग लावली तर प्रत्येकाला मिनिटसुद्धा मिळत नाही, आणि रांगेतली बाकीची मुलं काय करतात ते तुम्हाला मी सांगायला नको. वर्गाचे तीन गट करा. एक गट सूक्ष्मदर्शकापाशी, दुसरा बटाट्याच्या पट्ट्या कापून मोजतोय (त्याचं काम पुढे येईल), तिसरा कापसाचे तंतू मोजून सरासरी काढतोय. दुसऱ्या दिवशी गट फिरवा. चौदा मुलांना दोन-दोन मिनिटं म्हणजे जवळजवळ अर्धा तास, बाकीचा वेळ काचपट्टी करण्याचा. तीन तासांत सगळ्यांचं बघून होतं.

काचपट्टी मुलांनीच करायची. कांद्याची मांसल पाकळी घ्यायची आणि मधोमध तोडायची, पण पूर्ण नाही. आतल्या, म्हणजे वाटीसारख्या खोलगट बाजूचा पातळ पापुद्रा तुटलेल्या कडेला लोंबतो, तो चिमट्याने हलकेच ओढायचा. लगेच बशीतल्या पाण्यात टाकायचा, नाहीतर गुंडाळी होते. मुलं हौसेने मोठा पापुद्रा काढतात आणि त्याला घड्या पडतात. नखाएवढा तुकडा पुरतो. ब्लेड मात्र तुमच्याच हातात असू द्या. तुकडा काचपट्टीवर, त्यावर पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब. आच्छादन काच सपाट टाकायची नाही. एक कड टेकवायची आणि सुईच्या आधाराने सावकाश खाली आणायची. जादाचं आयोडीन टीपकागदाने कडेने ओढून घ्यायचं.

एवढं करूनही बुडबुडे राहतातच. आणि बुडबुडा हाच सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यात देखणा दिसतो: वाटोळा, जाड काळ्या कडेचा. मुलं तोच काढून आणतात आणि ‘केंद्रक’ असं नाव देतात. म्हणून आधी मुद्दाम बुडबुड्यांची एक काचपट्टी करून दाखवा आणि ‘याला फसायचं नाही’ असं सांगा. कांद्याच्या पेशी विटांच्या भिंतीसारख्या एकाला एक लागून दिसतात, आणि प्रत्येकीत आयोडीनने पिवळसर तपकिरी झालेला छोटा ठिपका असतो. तो ठिपका केंद्रक. बऱ्याच पेशींत तो मधोमध नसतो, भिंतीलगत सरकलेला असतो. पुस्तकातल्या चित्रात तो वेगळ्या जागी असला तर मुलं गोंधळतात. गोंधळू द्या. ‘मग मधल्या मोठ्या जागेत काय आहे?’ असं विचारा. रिक्तिका हे नाव द्यायची हीच वेळ. कोष्टकात ते कधीच एवढं चपखल बसत नाही.

आरशाच्या सूक्ष्मदर्शकाबद्दल एक सक्त सूचना. आरसा थेट सूर्याकडे कधीही वळवायचा नाही, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. खिडकीतून दिसणारं उजळ आकाश किंवा उन्हाने उजळलेली पांढरी भिंत पुरते. सुरुवात नेहमी कमी शक्तीच्या वस्तुभिंगाने (काचपट्टीजवळच्या भिंगाने). मोठं भिंग थेट लावायला गेलं की आच्छादन काच फुटते आणि कधी भिंगालाही चरा जातो. मोबाईल नेत्रिकेला (डोळा लावायच्या भिंगाला) टेकवून फोटो चांगला येतो, तो सगळ्यांना दाखवता येतो, पण सगळ्यांनी आपापल्या डोळ्यांनी बघून झाल्यावरच. आधी फोटो दाखवला की मुलं सूक्ष्मदर्शकात फोटोच शोधतात. शाळेला थोडे पैसे मिळाले तर फोल्डस्कोप मागवा. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी बनवलेला हा कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक सुमारे १४० पट मोठं दाखवतो. कांद्याला तेवढं भरपूर झालं. गटागटाला एकेक आला तर तुमची रांगेची अडचण मिटते.

वहीतल्या चित्राला एकच नियम: दिसलं तेवढंच काढायचं, दिसलं त्यालाच नाव द्यायचं. कांद्याच्या पेशीत हिरवे ठिपके काढणारी मुलं दर वर्षी निघतात, कारण ‘वनस्पती पेशीत हरितलवक असतं’ हे पाठ असतं. कांदा जमिनीखाली, उजेडाविना वाढलेला. त्याच्या पापुद्र्यात हरितलवकं नसतात. खोडण्याऐवजी विचारा, ‘तुला हिरवं दिसलं का?’

याच तासांत पेशी मोजूनही घ्या. पारदर्शक फूटपट्टी वस्तुमंचावर ठेवून कमी शक्तीच्या भिंगातून किती मिलिमीटर दिसतात ते बघायचं. दहा पटीची नेत्रिका आणि दहा पटीचं वस्तुभिंग असेल तर वर्तुळाचा व्यास पावणेदोन-दोन मिलिमीटरच्या आसपास येतो. मग त्या व्यासात कांद्याच्या किती पेशी लांबीने बसतात ते मोजायचं आणि भागाकार करायचा. उत्तर मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढं निघतं. आठवीच्या मुलाला एवढा भागाकार जमतो, आणि ‘सूक्ष्म’ या शब्दाऐवजी त्याच्या हातात स्वतः काढलेला आकडा येतो.

पाचवा तास मैदानावर घ्या. आनंददायी शनिवार (शाळेतला उपक्रमांचा शनिवार) जोडून आला तर फारच उत्तम. सगळं हजार पट मोठं करायचं, म्हणजे एक मिलिमीटरचा एक मीटर. फक्कीने आखा. कांद्याची पेशी फूटभर. गालाची पेशी पाच-सहा सेंटिमीटर. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मिलिमीटर, म्हणजे साधारण हरभऱ्याएवढी. जिवाणू एक-दोन मिलिमीटर, मोहरीएवढा. आणि कापसाचा तंतू? लांबी तीस मीटर, जाडी जेमतेम दोन सेंटिमीटर. दोरखंड घेऊन मुलं मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला जातील. मग विचारा, याच मापाने तू किती उंच? दीड मीटरचा मुलगा दीड किलोमीटर उंच होतो.

या तासाला एक गैरसमज हमखास बाहेर काढता येतो. ‘हत्तीच्या पेशी उंदराच्या पेशींपेक्षा मोठ्या असतात का?’ असं विचारा आणि हात वर करायला सांगा. बहुतेक हात वर येतील. मोठा प्राणी म्हणजे मुख्यतः जास्त पेशी, मोठ्या पेशी नव्हे. मूल वाढतं तेही बहुतांशी पेशी विभागून त्यांची संख्या वाढते म्हणून. पेशीविभाजन या इयत्तेत एवढंच पुरे. मुळाच्या टोकावरचं विभाजन दाखवण्याच्या नादी लागू नका. त्याला आम्ल, गरम करणं आणि सरावाचा हात लागतो, आणि ४१ मुलांत ते निभत नाही.

सहावा तास हायड्रिला या पाणवनस्पतीचा. गावच्या तळ्यात मिळेल, नाहीतर रंगीत माशांच्या दुकानात. पान इतकं पातळ असतं की काप घ्यायचं कारण नाही, पान तसंच पाण्याच्या थेंबात ठेवायचं. झाडाला आधी थोडा वेळ उजेडात ठेवा. मग मोठ्या वस्तुभिंगाने पानाच्या मधल्या शिरेजवळच्या पेशी बघा. हरितलवकं दिसतातच, पण थोडा वेळ बघत राहिलं तर ती भिंतीच्या कडेकडेने हळूहळू सरकताना दिसतात. वाहतं ते पेशीद्रव्य, हरितलवकं त्याच्याबरोबर फिरतात. पहिल्या तासाला लोंबकळत ठेवलेला प्रश्न इथे सुटायला लागतो. माझ्या अनुभवात या एका काचपट्टीने जे होतं ते दहा तक्त्यांनी होत नाही. नीट दिसलं नाही तर दुसरं पान घ्या, घाई करू नका.

आता सातवा ते नववा तास. या तीन तासांत पेशीचं कुंपण बघायचं. प्रद्रव्यपटल (पेशीभोवतीचा पातळ पडदा) हा शब्द मुलांना जड जातो, कारण ते कांद्यात वेगळं दिसतच नाही, भित्तिकेला चिकटून असतं. ते दिसेल असं करायचं तर मिठाचं पाणी हवं.

तुमच्याकडच्या बाजारातला लाल कांदा घ्या. या वेळी पापुद्रा आतल्या बाजूचा नको, मांसल पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा घ्या. तो जांभळा असतो आणि रंग असतो रिक्तिकेत, म्हणून आयोडीन लागत नाही. पाण्यात ठेवून बघा: पेशी काठोकाठ जांभळी. मग शंभर मिलिलिटर पाण्यात चमचाभर मीठ घालून त्याचा थेंब आच्छादन काचेच्या एका कडेला सोडा आणि दुसऱ्या कडेने टीपकागद लावून ओढा. काही मिनिटांत जांभळा भाग भित्तिकेपासून सुटतो आणि आक्रसत जातो, भित्तिका मात्र जागच्या जागी राहते. भित्तिका आणि पटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना त्याच क्षणी दिसतं. आता साधं पाणी सोडा, पेशी पुन्हा भरते. शेवटी तसाच दुसरा पापुद्रा गरम पाण्यात बुडवून काढा आणि बघा. रंग बाहेर झिरपून गेलेला असतो, आणि मीठ घातलं तरी काही आक्रसत नाही. पटल मेलं, की कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवणारं उरत नाही. ज्यांना हे नुसत्या डोळ्यांनी बघायचंय त्यांनी बिटाच्या दोन फोडी घ्याव्यात, एक थंड पाण्यात, एक कढत पाण्यात. दहा मिनिटांत उत्तर ग्लासात दिसतं.

बटाट्याच्या पट्ट्यांचा निकालही इथेच लावा. पाच-पाच सेंटिमीटरच्या सारख्या पट्ट्या, काही साध्या पाण्यात, काही मिठाच्या, रात्रभर. साध्या पाण्यातली ताठ आणि किंचित लांब, मिठातली आखूड आणि लिबलिबीत. मुलांनी आधीच मोजलेल्या असतात, त्यामुळे फरक वहीतच असतो. मग पटलातून पाणी असं दाट द्रावणाकडे जाण्याला परासरण हा शब्द द्या, त्याची व्याख्या त्यांच्याकडूनच तयार करून घ्या, आणि गृहपाठाला स्वयंपाकघर द्या: मुळा किसून मीठ लावलं की पाणी का सुटतं, लोणच्याला खार का सुटतो, मिठात आणि साखरेच्या पाकात ठेवलेलं लवकर का नासत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जिवाणूंपर्यंत जातं. पाणी त्यांच्याही पेशीतून ओढलं जातं. आईला किंवा आजीला विचारून लिहून आणा म्हणावं. अंड्याचं कवच व्हिनेगरमध्ये विरघळवून आतल्या पापुद्र्याचा प्रयोगही छान होतो, पण कुणाच्या घरून हरकत येणार असेल तर बटाट्यावर भागतं.

दहाव्या तासाबद्दल शेवटी लिहिते.

अकरावा आणि बारावा तास अंगकांचे. इथे थेट नावांनी सुरुवात करू नका. मुलांना विचारा, आतापर्यंत जी पेशी बघितली तिला जिवंत राहायला काय काय करावं लागत असेल? अन्नातून ऊर्जा काढायची, नवे पदार्थ बनवायचे, ते पोचवायचे, टाकाऊची विल्हेवाट लावायची, हे सगळं कसं करायचं याची माहिती जपायची. यादी फळ्यावर मुलांच्या तोंडून येते. मग एकेका कामापुढे नाव लिहा: तंतुकणिका, रायबोसोम, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका, केंद्रक. मुख्याध्यापकांना हवं असलेलं कोष्टक असं तयार होतं. फक्त त्याला एक जादा रकाना जोडा: ‘आपण पाहिलं’ की ‘आपल्याला सांगितलं’. केंद्रक, भित्तिका, हरितलवक, रिक्तिका पहिल्यात जातील. बाकीची बहुतेक दुसऱ्यात. रायबोसोम तर तुमच्या सूक्ष्मदर्शकातून कितीही प्रयत्न केला तरी दिसणार नाही. त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९३१ मध्ये जर्मनीत बनला. हे सांगण्यात कमीपणा काही नाही.

एका चुकीवर इथे थांबा. ‘वनस्पतीत हरितलवक, प्राण्यात तंतुकणिका’ असं मुलं सहज म्हणून जातात, आणि फरकाच्या तक्त्यांनी त्याला खतपाणीच मिळतं. वनस्पतीलाही श्वसन करावं लागतं, रात्रीसुद्धा. तिच्या पेशीत दोन्ही असतात. इथे जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं नाव घ्या. बटाट्यावर काम करताना त्यांना दिसलं की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं. पेशीतल्या श्वसनाला लागणारं हे प्रथिन तंतुकणिकांमध्ये असतं. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली, आणि पुढे त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत काम केलं. बटाटा मुलांनी आठवड्यापूर्वीच हाताळलेला असतो, त्यामुळे ही माहिती वेगळी पाठ करावी लागत नाही.

‘पेशी म्हणजे कारखाना’ हा तक्ता भिंतीवर असेल तर असू द्या, पण या तासानंतरच वापरा, आणि वापरताना ‘हे कुठे जुळत नाही?’ हेही विचारा. स्वतःसारखा दुसरा कारखाना स्वतःतूनच काढणारा कारखाना कुणी बघितलाय का? एवढ्या एका प्रश्नावर चांगली चर्चा होते. लयकारिकांना ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणण्याची आपल्याकडे फार हौस आहे. त्यांचं रोजचं काम जुनंपानं मोडून पुन्हा वापरात आणण्याचं आहे, ते आधी सांगा.

तेराव्या तासाला कामाप्रमाणे पेशीचा आकार कसा बदलतो ते घ्या. तुमच्या भागात सिकलसेल (रक्ताचा एक आनुवंशिक आजार) हा शब्द मुलांच्या कानावरून गेलेला असतो, तपासणीचं पथक शाळेतही येऊन गेलं असेल. तांबडी रक्तपेशी दोन्ही बाजूंनी दबलेल्या चकतीसारखी असते, लवचीक असते, म्हणून बारीक केशवाहिन्यांतून निघून जाते. पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, तंतुकणिकाही नसतात. ‘प्रत्येक पेशीत केंद्रक असतंच’ म्हणणाऱ्यांना इथे धक्का बसतो. सिकलसेलमध्ये हीच पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते, वाहिन्यांत अडकते आणि लवकर मरते: साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवस. आकार बिघडला की काम बिघडतं, याचं यापेक्षा जवळचं उदाहरण मिळणार नाही. पण एक जपा. वर्गात कुणीतरी रुग्ण किंवा वाहक असण्याची शक्यता आहे. ‘कुणाच्या घरी आहे?’ असं चुकूनही विचारू नका. हा आजार संसर्गाने होत नाही आणि वाहक माणूस सहसा निरोगीच असतो, ही दोन वाक्यं मात्र स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जातील अशी बोला.

थर्मोकोलचं मॉडेल बंद करा. सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी विज्ञान प्रदर्शनात तो येतोच, हे एक नवल. पण माझा आक्षेप त्याहून वेगळा आहे. त्या मॉडेलात पेशी सपाट होते, आणि त्यात मुलाचं डोकं कमी, पालकांचा पैसा जास्त लागतो. मॉडेल हवंच असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात पाण्याने भरलेली पिशवी ठेवायची. डबा भित्तिका, पिशवी पटल. पिशवीतलं पाणी कमी-जास्त करून मुलाने मिठाच्या पाण्यात काय झालं ते दाखवायचं. तोंडी समजावता आलं तरच गुण. विकत आणलेलं मॉडेल या परीक्षेत टिकत नाही.

आता मुख्याध्यापक. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांची काळजी खरी आहे. त्यांना सांगा, कोष्टक बाराव्या तासाला पूर्ण होईल, आणि परीक्षेआधी दोनदा पाठांतर घेईन. चौदाव्या तासाला तुमची स्वतःची छोटी चाचणी घ्या, पुस्तक उघडं ठेवून. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा उच्च प्राथमिक (मिडल) शाळांपासून सुरू झालेल्या विज्ञान कार्यक्रमात सहावी ते आठवीच्या मुलांची परीक्षा अशीच पुस्तक उघडं ठेवून व्हायची, जोडीला प्रयोगाची परीक्षाही असायची. त्या शाळा काही श्रीमंत नव्हत्या. तुमच्या चाचणीत असे प्रश्न घाला: ‘या काचपट्टीवर काय आहे, कशावरून?’ ‘कांद्याची पेशी मिठाच्या पाण्यात टाकली, पण काहीच झालं नाही. दोन कारणं सुचवा.’ ‘हृदयाच्या स्नायूची पेशी आणि त्वचेच्या वरच्या थरातली पेशी, तंतुकणिका कुठे जास्त असतील?’ उत्तरपत्रिका मुख्याध्यापकांना वाचायला द्या. बाकीचं त्या उत्तरपत्रिका बोलतील.

राहिला दहावा तास आणि तुमचा शेवटचा प्रश्न. गालाच्या पेशी जरूर काढायला लावा. भित्तिका नसलेली पेशी मुलांना दुसरीकडे एवढ्या सहज बघायला मिळत नाही, आणि ती स्वतःच्या तोंडातली असते ही वेगळीच गंमत. चूळ भरायची. कानात घालायच्या कापसाच्या काडीने, प्रत्येकाने आपल्याच, गालाची आतली बाजू हलकेच पुसायची, खरवडायची नाही. काचपट्टीवर फिरवून थोडं वाळू द्यायचं आणि मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा एक थेंब टाकायचा. रंगीत माशांच्या दुकानात ते औषध म्हणून मिळतं, फक्त पातळ करून घ्या. पेशी वेड्यावाकड्या, एकमेकींवर पडलेल्या दिसतात, कडा दुमडलेल्या आणि आत गडद निळा ठिपका. कांद्याच्या चित्राशेजारीच हे चित्र काढून घ्या, फरकाचा तक्ता आपोआप होतो. कुणाला करायचं नसेल तर जबरदस्ती नको. वापरलेल्या काड्या आणि काचपट्ट्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात टाका, ती जबाबदारी तुमचीच, मुलांवर सोडू नका. आणि मिथिलीन ब्लूचा डाग गणवेशावरून सहजासहजी जात नाही, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी पालक शाळेत येतील, पण ते पेशींबद्दल बोलायला नव्हे.